काखेतली गाठ आणि बंद केलेली रविवारची गोळी

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. लांब होतं, थोडं आटोपून देते.

‘डॉक्टरताई, नमस्कार. माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. बारा वर्षांपासून त्यांना आमवात (रुमॅटॉइड आर्थरायटिस) आहे, शिवाय बीपी. दर रविवारी मेथोट्रेक्झेट १५ मिलिग्रॅम आणि सोमवारी फॉलिक ॲसिड, असं चाललं होतं. अधूनमधून त्रास व्हायचा, पण घरातल्या भाकऱ्या त्याच थापायच्या. अडीच महिन्यांपूर्वी ह्यांनी मोबाईलवर वाचलं की आमवात असलेल्यांना लिम्फोमा नावाचा गाठींचा कॅन्सर दुपटीने होतो. त्याच आठवड्यात औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणाला, “ही गोळी तर कॅन्सरला देतात.” सासूबाईंनी गोळी तिथेच बंद केली. तीन आठवड्यांत दोन्ही हात सुजले, उजवा जास्त. सकाळी दोन दोन तास मूठ वळेना. मग शेजारच्या गावातून कुणीतरी पुड्या आणून दिल्या. चार दिवसांत हात मोकळे झाले. त्या घेऊन आता महिना होऊन गेला. चेहरा जरा भरल्यासारखा वाटतो.

‘आता नवीनच. अंघोळ करताना त्यांच्या हाताला उजव्या काखेत गाठ लागली. बोराएवढी आहे, दुखत नाही. पाच आठवडे झाले. आत्याबाई म्हणतात अवधाण आहे, शेक द्या. हे म्हणतात पेट स्कॅन करून टाकू. ह्यांचे एक मित्र म्हणतात टोफासिटिनिब नावाची नवी गोळी घ्या, ती कॅन्सरची नाही. सासूबाई म्हणतात, “एक दुखणं होतं तेवढं पुरे, दुसरं विकत घेणार नाही.” आमवातामुळे कॅन्सर होतो की गोळीमुळे? आम्ही काय करावं?’

ताई, नमस्कार.

तुमच्या ह्यांनी मोबाईलवर काय वाचलं ते नंतर बघू. आधी ती गाठ.

आत्याबाईंचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येतं, हाताची जखम चिघळली की काखेत येतं. आमवातातही हे घडतं. मनगट आणि बोटांचे सांधे सुजले की त्या हाताच्या वाटेवरच्या, म्हणजे काखेतल्या, लसिका ग्रंथी फुगतात. तुमच्या सासूबाईंचा उजवा हातच जास्त सुजला होता आणि गाठही उजव्या काखेत आहे. त्यामुळे ती साधी असण्याची शक्यता चांगली आहे. पण अवधाण बहुधा दुखतं, आणि मूळ दुखणं उतरलं की दोन-तीन आठवड्यांत तेही ओसरतं. ही गाठ दुखत नाही, पाच आठवडे झाले, आणि पुड्यांनी हात मोकळे झाल्यावरही ती ओसरलेली नाही. म्हणून शेक देत बसू नका. याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टर गाठ तपासतील, मान, दुसरी काख आणि जांघा चाचपतील, पोटात प्लीहा वाढली आहे का ते पाहतील. बाईच्या काखेत गाठ लागली की दोन्ही स्तनांची तपासणीही झालीच पाहिजे, आणि या वयात मॅमोग्राफीसुद्धा. आमवाताच्या नादात हे राहून जाताना मी पाहिलं आहे. सासूबाई संकोचतील. तुम्ही सोबत आत जा आणि डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

पुढची पायरी गाठीचा नमुना घेण्याची. आपल्याकडे सुईने थोड्या पेशी ओढून तपासण्याची पद्धत आहे, तिला एफएनएसी म्हणतात. ती स्वस्त आहे, पटकन होते आणि सुरुवातीला उपयोगी पडते. पण लिम्फोमा आहे की नाही हे ठरवायला ती बहुतेकदा पुरत नाही, कारण गाठीच्या आतली रचना बघावी लागते. त्यासाठी गाठ पूर्ण काढून किंवा जाड सुईने तुकडा घेऊन बायॉप्सी करतात आणि त्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री नावाची खास तपासणी करतात. एफएनएसीच्या रिपोर्टमध्ये ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे साध्या सुजेची गाठ, असं आलं आणि तरीही गाठ तशीच राहिली किंवा वाढली, तर बायॉप्सीचा आग्रह धरा.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. माझ्या मावशीला आमवात होता. मानेत गाठी आल्या. आपल्या देशात मानेतली गाठ म्हटलं की पहिला संशय टीबीचा, आणि तो बरोबरही असतो. पण एका रुग्णालयात नमुना न घेताच टीबीची औषधं सुरू झाली आणि पाच महिने चालू राहिली. गाठी वाढत गेल्या. शेवटी बायॉप्सी झाली तेव्हा लिम्फोमा निघाला. मी तेव्हा शिकत होते. तो रिपोर्ट मीच आणायला गेले होते, आणि आधीच का नाही विचारलं हे मला अजून टोचतं. टीबी असो, लिम्फोमा असो की साधी सूज असो, उत्तर गाठीच्या तुकड्यातच सापडतं. नमुना घेतल्याशिवाय औषध सुरू करू देऊ नका.

पेट स्कॅनचंही यातच येतं. त्या स्कॅनमध्ये आमवाताने सुजलेले सांधे उजळतात आणि साध्या सुजलेल्या गाठीही उजळतात. आत्ता तो केला तर हजारो रुपये जातील आणि हाती आणखी भीती येईल. बायॉप्सीत लिम्फोमा निघाला तर तो किती पसरला आहे हे पाहायला पेट स्कॅन लागतो. तोवर नको.

आता पुड्या. चार दिवसांत सुजलेले हात मोकळे करणारी आणि महिन्याभरात चेहरा भरून आणणारी वस्तू बहुतेक वेळा स्टेरॉईड असते. बिनलेबलच्या पुड्यांमध्ये डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉईड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं भरपूर आहेत. सासूबाईंची चूक काढू नका. सकाळी मूठ वळत नसताना जे हाती आलं ते त्यांनी घेतलं, त्यांच्या जागी मी असते तर मीही घेतलं असतं. पण त्या पुड्यांमुळे आत्ता दोन अडचणी आहेत. एक म्हणजे स्टेरॉईडने लिम्फोमाच्या गाठी काही काळ आक्रसतात आणि बायॉप्सीचा निकाल धूसर येऊ शकतो. म्हणून नमुना घेणाऱ्या डॉक्टरांना पुड्यांबद्दल आधी सांगा. दुसरी अडचण जास्त तातडीची आहे. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉईड पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवायचं कमी करतं. अशा वेळी पुड्या एकदम बंद केल्या तर चक्कर, उलट्या, बीपी एकदम खाली, असं जिवावरचं दुखणं ओढवू शकतं. तेव्हा हे वाचून रागाने पुड्या चुलीत टाकू नका. डॉक्टरांना दाखवा, ते हिशोब करून हळूहळू उतरवतील.

आता तुमच्या ह्यांचं ‘दुप्पट’.

ते खरं आहे. फिनलंडमध्ये १९७८ साली आमवाताच्या ४६ हजारांहून अधिक रुग्णांची नावं तिथल्या कॅन्सर नोंदणीशी ताडून पाहिली, तेव्हा लिम्फोमाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. त्यानंतर अनेक देशांत तेच दिसलं, आणि सगळं एकत्र केलं की आकडा साधारण दुपटीच्या आसपास येतो. पण कशाच्या दुप्पट ते विचारायला हवं. हॉजकिन हा एक प्रकार सोडून बाकीचे लिम्फोमा भारतात वर्षाला एक लाख माणसांत साधारण दोन ते तीन जणांना होतात. साठीनंतर हे प्रमाण वाढतं. ब्रिटनमध्ये मुळातच लिम्फोमा आपल्यापेक्षा जास्त. तिथे आमवाताच्या रुग्णांची एक नोंदवही आहे, तिच्यात तीव्र आजाराचेच रुग्ण आहेत, आणि त्यांच्यातही वर्षाला दर हजारामागे साधारण एकाला लिम्फोमा झालेला दिसतो. हे सासूबाईंना असंच सांगा. दुप्पट या शब्दाने त्यांची झोप उडाली असेल, हजारात एक म्हटल्यावर थोडी परत येईल.

आणि ही दुप्पट सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. या सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. स्वीडनमध्ये ७४ हजारांहून अधिक आमवाताच्या रुग्णांमधून लिम्फोमा झालेले ३७८ जण शोधले आणि तेवढ्याच, लिम्फोमा न झालेल्या आमवाताच्या रुग्णांच्या जुन्या फायलींशी त्यांच्या फायली एकेक करून ताडल्या. २००६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षं ज्यांची सूज सर्वांत जास्त राहिली होती, त्यांच्यात सौम्य आजारवाल्यांच्या तुलनेत धोका सुमारे ७० पट निघाला. ज्यांची सूज आटोक्यात होती त्यांच्यात तो फारसा वाढलेलाच नव्हता. म्हणजे सरासरीने दिसणारी ती दुप्पट प्रामुख्याने सूज न आवरलेल्या थोड्या रुग्णांमुळे आलेली. त्या फायली जुन्या काळातल्या होत्या, आज मिळतात ती बरीच औषधं तेव्हा नव्हती.

असं का होतं ते समजायला फार अवघड नाही. आमवातात आपल्याच शरीराची संरक्षणव्यवस्था सांध्यांवर उलटते. त्या लढाईत बी नावाच्या पांढऱ्या पेशींना सतत हुकूम सुटत राहतो, वाढा, दुपटीने वाढा. या पेशी वाढताना आपली जनुकं मुद्दाम थोडी बदलत असतात, प्रत्येक शत्रूला नेमकं उत्तर तयार करायची ती त्यांची रीत आहे. जंतुसंसर्गात हे काही दिवस चालतं आणि थांबतं. आमवातात वीस वीस वर्षं थांबत नाही. इतक्या वेळा नक्कल उतरवताना कधीतरी एखादी घातक चूक राहून जाते आणि ती पेशी हुकूम नसतानाही वाढू लागते. तोच लिम्फोमा. आमवाताच्या रुग्णांत सर्वांत जास्त दिसणारा प्रकार डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा हा याच बी पेशींचा. रिटुक्सिमॅब हे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत लिम्फोमासाठी मंजूर झालं आणि २००६ मध्ये आमवातासाठी, कारण दोन्हीकडे ते याच पेशींना गाठतं.

हे लक्षात आलं की रविवारची गोळी बंद करण्यात काय झालं तेही दिसतं. ज्या सुजेतून धोका येतो ती सूज दाबणारी गोळीच थांबली. त्याच स्वीडिश अभ्यासात आमवाताच्या नेहमीच्या औषधांनी, मेथोट्रेक्झेटसकट, लिम्फोमाचा धोका वाढलेला दिसला नाही. अपवाद ॲझाथायोप्रिन या औषधाचा, ते घेणाऱ्यांत धोका जास्त दिसला. दुकानातल्या मुलाने खोटं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं. मेथोट्रेक्झेट कॅन्सरसाठीच जन्माला आलं. आंध्रातून अमेरिकेला गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत या कुळातली औषधं तयार झाली, आणि १९४७ च्या अखेरीस बोस्टनला सिडनी फार्बर या डॉक्टरांनी त्यांतलं ॲमिनोप्टेरिन रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना दिलं. काही कॅन्सरमध्ये आजही मेथोट्रेक्झेट ग्रॅमच्या मापाने सलाईनमधून देतात. सासूबाईंचा डोस आठवड्याला १५ मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा साठावा-सत्तरावा भाग. एवढ्या डोसने ती सुजेवरचं औषध म्हणून काम करते. अमेरिकेत १९८८ पासून ती आमवातासाठी मंजूर आहे आणि जगभरात या आजारावर सर्वांत आधी दिली जाणारी गोळी तीच आहे.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. मेथोट्रेक्झेट चालू असताना काही थोड्या रुग्णांना लिम्फोमासारख्या गाठी येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांत एप्स्टाईन-बार नावाचा विषाणू सापडतो, आणि गोळी थांबवल्यावर काहींच्या गाठी आपोआप विरघळतात. १९९३ पासून अशा नोंदी होत आल्या आहेत, जपानमधून बऱ्याच. सासूबाईंची गाठ गोळी बंद केल्यानंतर आली, त्यामुळे हा संशय कमी आहे, पण शून्य नाही. म्हणून माझा सल्ला ऐकायला जरा विचित्र वाटेल. गोळी बंद करायला नको होती, पण आता गाठीचा उलगडा होईपर्यंत ती घरच्या घरी पुन्हा सुरूही करू नका. संधिवाततज्ज्ञ रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या (सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन) पाहतील आणि मधल्या काळासाठी काय द्यायचं ते ठरवतील. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासालाझिन असे पर्याय त्यांच्या हाताशी आहेत. गाठ साधी निघाली तर बहुधा तीच गोळी परत येईल. तेव्हा वार पुन्हा रविवारच ठेवा आणि कॅलेंडरवर खूण करा. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशी ढासळतात, त्यात माणसं दगावली आहेत.

टोफासिटिनिबबद्दल तुमच्या ह्यांच्या मित्राने जे ऐकलं ते उलटं आहे. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयरोगाचा किमान एक धोका असलेल्या ४३६२ आमवाताच्या रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. टीएनएफविरोधी, म्हणजे सूज पेटवणाऱ्या टीएनएफ या द्रव्याला रोखणारं, इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा टोफासिटिनिब घेणाऱ्यांत कॅन्सर आणि हृदयाचे झटके दोन्ही जास्त निघाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर ठळक इशारा छापायला लावला आहे, त्यात लिम्फोमाचं नाव आहे. सासूबाई ६१ वर्षांच्या, बीपी असलेल्या, म्हणजे नेमक्या त्याच गटातल्या. गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही. दुसऱ्या औषधांनी भागलं नाही तर ती खूप कामाची आहे, पण मित्राच्या सांगण्यावरून घ्यायची नाही. ज्या इंजेक्शनांना लोक सर्वांत जास्त घाबरतात, त्या टीएनएफविरोधी इंजेक्शनांनी आमवाताच्या प्रौढ रुग्णांत लिम्फोमा वाढलेला ब्रिटनच्या त्या नोंदवहीत दिसला नाही.

तुमच्या पत्रात नाही, पण मला विचारायचं आहे. सासूबाईंना रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम येतो का? संध्याकाळी कणकण असते का? सहा महिन्यांत कारण नसताना वजन उतरलंय का, साठ किलोची बाई चौपन्नवर आली असं? पुड्यांमुळे वजन उलट वाढू शकतं, म्हणून पूर्वीचे कागद काढून पाहा. आणि डोळ्यांत सतत वाळू असल्यासारखं, कोरडी भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळता न येणं, कानाच्या खाली गालफडाची सूज, असं काही आहे का? आमवाताबरोबर कधी कधी शोग्रेन नावाचा विकार असतो, त्यात लिम्फोमाचा धोका आमवातापेक्षाही बराच जास्त असतो. हे सगळं कागदावर लिहून न्या. डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मं आठवत नाही.

आणि आत्याबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना सांगा की हे त्यांना लागू नाही. आपण सगळ्याच सांधेदुखीला संधिवात म्हणतो. वयाने गुडघे झिजण्याचा लिम्फोमाशी संबंध नाही. मणक्याचा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस तर सुजेचाच आजार, पण त्यातही स्वीडनच्या अभ्यासात धोका वाढलेला आढळला नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये गावकऱ्यांच्या सांधेदुखीची घरोघर पाहणी सुरू झाली, तेव्हा खरा आमवात साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला निघाला. बाकी दुखणी वेगळी.

सासूबाईंच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. दुसरं दुखणं विकत घेणार नाही. त्यांना पैशाची काळजी आहे की भोगायची, ते शेजारी बसून विचारा. पैशाची असेल तर सांगा की गाठ वाईट निघालीच तरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, आणि डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा अर्ध्याहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. भोगायची काळजी असेल तर त्यांना त्यांच्या हातांबद्दल विचारा. बारा वर्षं रविवारची गोळी घेऊन त्या भाकऱ्या थापत होत्या. गोळी सुटली आणि तीन आठवड्यांत मूठ वळेना. हे कुठल्या अभ्यासातलं नाही, त्यांनी स्वतः अनुभवलेलं आहे. ते त्यांना जास्त पटेल.

जाताना जुनी फाईल, आधीच्या रक्ततपासण्या आणि उरलेल्या पुड्या पाकिटासकट घेऊन जा. तुमचे हे सोबत आले तर बरं, म्हणजे ऐकलेलं दोघांच्याही लक्षात राहील. बायॉप्सीचा रिपोर्ट आला की मला कळवा, काहीही निघालं तरी.